पहिली सुई कोणाला?

रक्तविकारांचा तज्ज्ञ व्हावयाचे तर एम.बी.बी.एस.ची साडेपाच वर्षे, एम.डी.ची ३ आणि त्यापुढे डी.एम.ची आणखी ३ वर्षे द्यावी लागतात. ज्यांच्या घरी ल्युकेमिया वा थॅलेसेमिया शिरला आहे, त्यांना अशा तज्ज्ञाचे मोल सांगावयास नको. परंतु ही विद्या केवळ ग्रंथांतून येत नाही. अस्थिमज्जेची तपासणी घ्या. कमरेच्या मागील हाडात जाड सुई घालून मज्जा ओढून घेतात. त्वचा आणि हाडावरील आवरण बधिर करता येते. मज्जा ओढतानाची कळ मात्र बहुधा सोसावीच लागते. मुरलेला हात हे काम झटकन आटोपतो, शिकाऊ हात चाचपडतो. एकाच्या वेदनेवर दुसऱ्याने शिकावे, हे न्याय्य आहे काय?

“शिकाऊ डॉक्टर नको, मोठ्या डॉक्टरांनाच बोलवा,” असे आपण सहज म्हणतो. आईबापांच्या तोंडी ते स्वाभाविकही आहे. पण त्या मोठ्या डॉक्टरांचा हात कोणाच्या तरी देहावरच बसला ना? शिवाय, आपल्या नकाराने सुई थांबत नाही. ती शेजारच्या खाटेकडे वळते. ज्याला ‘नको’ म्हणण्याची सोयच नाही, अशा गरिबाकडे. विद्येचा लाभ सर्वांनी घ्यावा आणि तिची किंमत मात्र त्यानेच मोजावी, हा खरा अन्याय आहे.

१९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात भारतातील पहिले अस्थिमज्जारोपण झाले. आज हा उपचार देशात अनेक ठिकाणी होतो, तो अशा पहिल्यावहिल्या रुग्णांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या धैर्यावर उभा आहे. आपण त्यांचे ऋणी आहोत.

अर्थात ऋण म्हणजे सक्ती नव्हे. सुई कोण टोचणार, हे रुग्णाला आधी खरेखरे सांगितले पाहिजे; अंधारात ठेवून मिळवलेली संमती ही संमतीच नव्हे. अनुभवी डॉक्टर शेजारी उभा असला पाहिजे, आणि गरज पडताच सुई त्याने हाती घेतली पाहिजे. वेदनेने आधीच खचलेल्या रुग्णाचा नकारही तितक्याच आदराने ऐकला पाहिजे.

एवढे पाळले जात असेल, तर आपणही मागे सरू नये. तरुण डॉक्टर खाटेशी आला की विचारावे, “यापूर्वी किती वेळा केले आहे? सोबत कोण असेल?” उत्तर प्रामाणिक असेल, तर शक्य तेव्हा होकार द्यावा. उद्या कोणा अनोळखी बालकावर तोच हात सफाईने चालेल. त्या बालकाला आपले नाव ठाऊक नसेल. त्याची गरजही नाही.