उघडीप

या आठवड्यात कुडाळात म्हणण्यासारखा पाऊस पडलाच नाही. सकाळी भंगसाळ नदीवर धुकं, उन्हं वर येईपर्यंत गवतावर दंव, दुपारी अंगाला जरासा चटका, संध्याकाळी सह्याद्रीच्या बाजूला काळं आभाळ आणि लांबचा गडगडाट. बुधवारी तेवढी एक सर अंगण भिजवून गेली. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या आमच्या मुलखात त्याला कोणी पाऊस म्हणत नाही. वाडीतलं भात कापून झालं, मळ्यात उन्हं खाऊन खळ्यावर आलं, उडव्या रचल्या गेल्या. कोणाचं कोणाशी वाजलं नाही. असल्या हवेत वाडी फार सज्जन वाटते. मीसुद्धा.

मला मात्र अशी उघडीप पडली की 2019 आठवतं.

त्या साली मान्सून देशातून माघारी निघायलाच 9 ऑक्टोबर उजाडला. भात पिवळं होऊन उभं आणि वर पाऊस. मग मध्येच चार दिवस ऊन मिळालं. आमच्याकडे कापणी अजून थोडीफार हातउसन्यावर चालते. आज तुमच्याकडे, उद्या आमच्याकडे. पाळी आधीच ठरलेली. पहिला दिवस शेजारच्या काकीचा. काकी एकटी, मुलगा मुंबईला, जमीन आठ गुंठे आणि तीही पाणथळ. मी सगळ्यांना सांगितलं, आमचं भात झडायला लागलंय, आधी आमचं घेऊया. हे अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं माझ्या मोबाईलमध्ये होतं. अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होतंय, ही बातमी मी वाचली होती आणि वाचून फोन खिशात टाकला होता. आई म्हणालीसुद्धा, "आधी काकीचा कापूक व्हया. तिच्याकडे माणसा खय आसत?" मी ऐकलं नाही.

काकीची पाळी चौथ्या दिवसावर गेली. तिचं भात कापून मळ्यात पसरलं, त्याच रात्री पाऊस आला. पुढे त्याचं क्यार चक्रीवादळ झालं. 27 ऑक्टोबरला दिवाळी होती, तेव्हा पाण्यात आडव्या पडलेल्या लोंब्यांना हिरवे कोंब फुटले होते. आमचं भात पडवीत सुकं.

नंतर पंचनामा झाला. कारणापुढे लिहिलं, अतिवृष्टी. मदत जाहीर झाली हेक्टरी 8,000 रुपये, म्हणजे गुंठ्याला साधारण 80. काकीच्या आठ गुंठ्यांचे हिशेबाने 640. मी तिच्या रिकाम्या खळ्यात उभा राहून चुकचुकलो, तर तीच मला म्हणाली, "जावंदे रे. पावस काय तुज्या हातातलो?"

पाऊस नव्हता हातातला. पाळी होती.

पण तिथेही माझं डोकं अडतं. समजा तो पाऊस समुद्रातच राहिला असता. काकीचं भात तीन दिवस उशिरा, पण कोरडं घरी आलं असतं आणि मी काय केलं ते मीच विसरलो असतो. करणी तीच, मनातला हिशेबही तोच. मग मी दोषी की नाही, हे पावसाने ठरवायचं? जुनी माणसं म्हणतील, नियत बघ. बरोबर आहे, पण खळ्यावर येऊन नियत कोण बघतो? लोक कोंब बघतात. आणि त्याआधीच्या कोरड्या वर्षांत मी असं काय काय केलं असेल, ते तर उघड्यावर आलेलंच नाही.

यंदा पहिल्या दिवशी काकीचं भात कापलं. मीच पुढे झालो. दोघातिघांनी वाखाणलंही. पण त्यात माझं गेलं काय? आभाळ स्वच्छ होतं, मोबाईलही तेच सांगत होता. अंदाज वाईट असता तर विळा घेऊन मी आधी कुठल्या मळ्यात उतरलो असतो, ते छातीठोकपणे सांगता येत नाही.

मोबाईलची गोष्ट काकीला अजून सांगितलेली नाही. काल तिने चावदिसासाठी म्हणून नव्या भाताचे पोहे पाठवले. डबा धुऊन ठेवलाय. परत द्यायला जायचंय.