पाटी कोणाची, सही कोणासाठी?

वास्तुविशारदांच्या नीतिमत्तेची चर्चा आपल्याकडे दोनच प्रसंगी रंगते: एखादी इमारत कोसळली की, नाहीतर व्यवसायाच्या हद्दीचा तंटा कोर्टात गेला की. पहिल्या चर्चेत संताप असतो आणि ढिगारा उपसून होईपर्यंत तो टिकतो. दुसरी अधिक चिवट असते आणि अधिक उथळही. नॉयडा प्राधिकरणातल्या एका पदावरून उद्भवलेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 17 मार्च 2020 रोजी निकाल दिला. 1972च्या वास्तुविशारद कायद्याचे कलम 37 नोंदणी नसलेल्याला ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी लावायला मनाई करते, इमारतीचा आराखडा करायला नाही, असे त्यात स्पष्ट झाले. तेव्हापासून व्यवसायाच्या व्यासपीठांवर एकच मागणी घुमते आहे: नुसती उपाधी राखून भागणार नाही, कामच राखून ठेवा, इमारतीची रचना फक्त नोंदणीकृत वास्तुविशारदच करील असा कायदा करा, म्हणजे दर्जाही येईल आणि सचोटीही. मागणी समजण्यासारखी आहे. पाच वर्षे घासून पदवी मिळवलेल्या माणसाने आपल्या श्रमाचे संरक्षण मागावे यात गैर काही नाही. पण तिला नीतीचा मुलामा दिला जातो, तिथे थांबायला हवे. निकृष्ट घर पदरात पडलेल्या कोणाही माणसाने ‘रचना करणाऱ्याकडे नोंदणी होती का’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारलेला नाही. ‘हे ठीक आहे असे लिहून कोणी दिले?’ हा त्याचा प्रश्न असतो.

न्यायालयाने नवे काही सांगितले होते असेही नाही. स्वातंत्र्यानंतर बांधकामांचा सपाटा सुरू झाला, पात्रता नसलेले लोक स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू लागले, लोकांची फसवणूक होऊ लागली, म्हणून 1972चा कायदा आला. इमारती रचण्याचा आणि बांधण्याचा मक्ता वास्तुविशारदांना देण्याचा हेतू नाही, अभियंत्यांनी आपले काम खुशाल करावे, फक्त ती उपाधी लावू नये, असे विधेयकाच्या उद्देशपत्रिकेतच नमूद होते. शिक्षाही त्याच बेताची. उपाधी खोटी लावल्याचा गुन्हा पहिल्यांदा सिद्ध झाला तर दंड 500 रुपयांपर्यंत. थोडक्यात, कायद्याने दारावरची पाटी राखली. पाटी खोटी असू नये हे मान्यच. पण पाटी खरी असली म्हणजे आतला व्यवहारही खरा, हा निष्कर्ष कायद्याने काढला नव्हता. तो काढते आहे ती आजची चर्चा.

काम राखून ठेवले की नीती येते, या समजुतीला आपल्याच देशात दोन मोठे दाखले आहेत आणि दोन्ही तिच्या विरोधात जातात. वैद्यक आणि वकिली ही कामे कायद्याने पक्की राखीव आहेत. तरीही डॉक्टरांच्या ‘कट प्रॅक्टिस’ला, म्हणजे रुग्ण पाठवल्याबद्दलच्या टक्केवारीला, आळा घालण्यासाठी महाराष्ट्र सरकारला 2017 मध्ये वेगळ्या कायद्याचा मसुदा तयार करवून घ्यावा लागला आणि तोही पुढे रखडला. राखीवपणामुळे कुंपणाबाहेरचा भोंदू अडतो, कुंपणातल्याची टक्केवारी अडत नाही. वास्तुविशारदांच्या बाबतीत तर बाहेरच्यापेक्षा आतल्यांचेच उदाहरण बोलके आहे. मुंबईच्या नकाशांत खिडकीबाहेर ‘फ्लॉवर बेड’ म्हणून दाखवलेली पट्टी वर्षानुवर्षे चटईक्षेत्रात मोजली जात नव्हती. ताबा मिळाला की ती पट्टी दिवाणखान्यात सामील व्हायची आणि तिचे पैसे खरेदीदाराने आधीच मोजलेले असायचे. जानेवारी 2012 मध्ये नियम बदलून असली सूट बंद झाली आणि तिच्या जागी 35 टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे अधिमूल्य भरून मिळणारे जादा, चटईक्षेत्र आले, तोवर हा उघड देखावा चालला. ती पट्टी कुणा भोंदूने आखली नव्हती. रीतसर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या, पाटी खरी असलेल्या माणसांनी ती आखली, कारण काम देणाऱ्याला ती हवी होती आणि नियमात ती बसत होती.

त्याच शहरातली दुसरी व्यवस्था पाहा. पुनर्विकासाच्या मोठ्या प्रकल्पात ‘डिझाइन आर्किटेक्ट’ वेगळा असतो आणि ‘लायझनिंग आर्किटेक्ट’ वेगळा. एकाचे नाव माहितीपुस्तिकेवर झळकते, दुसऱ्याची सही महापालिकेच्या फायलीत असते. आयओडी (अटींसह मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करण्याचा दाखला), ओसी (भोगवटा दाखला) या पायऱ्या चढवून देणे हे दुसऱ्याचे कौशल्य. ज्याने विचार केला त्याची सही नाही आणि ज्याची सही आहे त्याने विचार केला असेलच असे नाही. उद्या काम राखीव झाले तर दोघेही त्या राखीव जागेत आरामात बसतील, कारण दोघांकडेही नोंदणी आहे. उलट सहीचा भाव तेवढा वाढेल. आज परवानाधारक सर्व्हेयर किंवा अभियंता ज्या कागदावर सही करतो, त्यावर उद्या फक्त वास्तुविशारदाची चालेल, आणि सही पुरवण्याचा धंदा एका वर्गाच्या हाती एकवटेल. राखीवपणाची झळ बसेल ती मात्र गावातल्या गवंड्याला आणि त्याच्याकडून दोन खोल्या बांधून घेणाऱ्या कुटुंबाला. त्यांच्या पंचक्रोशीत वास्तुविशारद राहत नाही आणि त्यांच्या हिशेबात त्याची फी मावत नाही.

या मागणीचे समर्थक इमारत दुर्घटनांकडे बोट दाखवतात, तेव्हा तर युक्तिवाद त्यांच्यावरच उलटतो. 24 ऑगस्ट 2020 रोजी महाडची ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली आणि 16 जणांचा जीव गेला. इमारत जुनी नव्हती. पोलिसांनी नोंदवलेल्या गुन्ह्यात विकासकाबरोबर वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांचीही नावे होती. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. पण तपासाची दिशा बोलकी आहे. आराखडा कोणाच्या हक्काचा होता, हे पोलिसांनी शोधले नाही. इमारत राहण्याजोगी असल्याच्या कागदांवर कोणाकोणाच्या सह्या आहेत, हे शोधले.

इतर उपायांची वासलात थोडक्यात लावता येते. बाजार आपोआप प्रामाणिक माणूस निवडेल असे म्हणणाऱ्यांनी घर खरेदीदार वास्तुविशारद निवडतच नाही एवढे ध्यानात घ्यावे. अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचा पेपर ठेवून पेपर सुटतात, प्रश्न सुटत नाहीत. आणि दंड दसपट केला तरी चुकीच्या गोष्टीवर केलेला दंड चुकीचाच राहतो.

खरा भेद वास्तुविशारद आणि बिगर-वास्तुविशारद यांच्यात नाहीच. तो एकाच माणसाच्या हातून होणाऱ्या दोन कृतींमध्ये आहे. पहिली कृती रचना. तिथे तो काम देणाऱ्याचा माणूस असतो. त्याची आवड, ऐपत आणि नफासुद्धा सांभाळणे हे त्याचे रास्त कर्तव्य आहे. दुसरी कृती दाखला देणे: काम एवढे झाले, नकाशाप्रमाणे झाले, राहायला योग्य आहे. ही कृती करताना तो कोणाचाच माणूस राहत नाही, कारण या कागदावर विसंबणारे लोक तिसरेच असतात. महारेराचा, म्हणजे महाराष्ट्राच्या स्थावर संपदा प्राधिकरणाचा, नमुना क्रमांक 1 समोर ठेवला की हा गोंधळ उघडा दिसतो. 2016च्या रेरा कायद्याप्रमाणे खरेदीदारांकडून आलेल्या रकमेतले 70 टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि ते काढायला अभियंता, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल अशा तिघांची प्रमाणपत्रे लागतात. वास्तुविशारदाच्या प्रमाणपत्रात तक्ता असतो. खोदाई, तळघर व जोते, पोडियम, स्टिल्ट, स्लॅब, आतल्या भिंती व गिलावा, संडास-बाथरूमची जोडणी, जिने, लिफ्टचे कूप, पाण्याच्या टाक्या, गच्चीचे वॉटरप्रूफिंग अशा ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे एक टक्का भरायचा. त्या टक्क्यावर कोणा अनोळखी कुटुंबाची बचत खात्यातून बाहेर पडते. आणि या कागदाच्या माथ्यावर ‘प्रति’ म्हणून पत्ता कोणाचा? विकासकाचा. ज्याला पैसे काढायचे आहेत त्यालाच उद्देशून, त्याच्याच पैशाने, पैसे काढायला हरकत नसल्याचा दाखला. सही करणारा वास्तुविशारद असू शकतो किंवा परवानाधारक सर्व्हेयर. नमुन्यात दोघांनाही जागा आहे, आणि दाखला खोटा ठरला तर पदवीच्या फरकाने खरेदीदाराचे नुकसान तसूभर कमी-जास्त होत नाही.

दाखला देताना कोणाचाच माणूस न राहण्याची ही कल्पना बाहेरून लादलेली नाही, व्यवसायाच्या परंपरेतच ती आहे. मालक आणि ठेकेदार यांच्यामध्ये बिलांची तपासणी करून किती देणे झाले हे वास्तुविशारदच ठरवतो. तिथे पगार मालकाचा असला तरी निवाडा निःपक्ष हवा, हे जुने तत्त्व आहे. 1974 मध्ये इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने सटक्लिफ विरुद्ध थॅकरा खटल्यात, असा दाखला निष्काळजीपणे देणाऱ्याला लवादाची ढाल मिळणार नाही, असा निर्णय दिला. आपल्या 1989च्या व्यावसायिक वर्तन विनियमांतही बांधकामाचा करार राबवताना वास्तुविशारदाने निःपक्ष राहावे अशी अपेक्षा आहे. प्रश्न एवढाच, की ठेकेदाराला मिळणारा हा निःपक्षपणा खरेदीदाराला का मिळू नये? ठेकेदार बांधकामाच्या जागेवर उभा असतो, आकडा खटकला तर तिथल्या तिथे भांडतो. खरेदीदाराला तो आकडा कळतो तेव्हा बहुधा पैसे गेलेले असतात.

हे विनियम मुळातून वाचले की त्यांचा कल लक्षात येतो. पर्यावरण आणि समाजहित यांचा मान राखणारे कलम आरंभीच आहे, पण ते नांदीसारखे. पुढचा बराच मजकूर व्यावसायिकांनी एकमेकांशी कसे वागावे याचा आहे: जाहिरात करू नये, फी पाडून स्पर्धा करू नये, दुसऱ्याच्या हातातले काम काढून घेऊ नये. यातून उगवलेला शिरस्ता पाहण्यासारखा आहे. प्रकल्पाचा वास्तुविशारद बदलला की आधीच्याची ‘एनओसी’ मागितली जाते आणि व्यवहारात ती बहुधा त्याची फी चुकती झाल्याची पावती असते. तो का गेला हे कुठेच नोंदले जात नाही. त्याने एखाद्या टक्क्यावर सही नाकारली म्हणून त्याला जावे लागले असेल, तर त्या प्रकल्पाविषयीची सर्वांत मोलाची माहिती तीच असते आणि नेमकी तीच गडप होते. तक्रार आली तर चौकशी होते ती वास्तुकला परिषदेपुढे. परिषदेला समज देण्याचे, निलंबनाचे आणि नाव काढून टाकण्याचे अधिकार आहेत. पण परिषदेच्या रचनेत वास्तुविशारद, शिक्षणसंस्था, सरकार, अभियंते, एवढेच काय सर्व्हेयरांच्या संस्थेचाही प्रतिनिधी आहे, आणि घरात राहणाऱ्याची खुर्ची मात्र नाही.

उपाय आधी सापडलेला आहे, फक्त दुसऱ्या व्यवसायात. सनदी लेखापालांच्या बनावट सह्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा त्यांच्या संस्थेने प्रत्येक दाखल्याला स्वतंत्र ओळख क्रमांक द्यायला लावला. 1 फेब्रुवारी 2019 पासून प्रमाणपत्रांसाठी तो सक्तीचा झाला आणि कोणालाही तो पडताळता येतो. कल्याण-डोंबिवलीत बनावट बांधकाम परवानग्यांच्या जोरावर रेरा नोंदणी मिळवलेल्या 65 इमारती उघडकीस आल्या आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे बनावट होती ती पालिकेची परवानगी, पण धडा तोच: पडताळता येत नाही तो कागद कागदच राहतो. इमारतीच्या प्रत्येक दाखल्याला असा क्रमांक असावा. दाखला विकासकाला नव्हे, प्राधिकरणाला आणि खरेदीदारांना उद्देशून लिहिला जावा. सही करणाऱ्याने जागा कधी पाहिली, काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे त्यात लिहावे. आणि मध्येच काम सोडणाऱ्याने कारण नोंदवावे. हे सर्व वास्तुविशारद, सर्व्हेयर आणि संरचना अभियंता यांना सारखेच लागू हवे. अभियंत्यांसाठी आजही असा केंद्रीय नोंदणी कायदा नाही, त्यामुळे तर ते अधिकच गरजेचे.

अशा जोखमीने चांगली माणसे सही करायचीच बंद होतील, हा आक्षेप गंभीर आहे. पण जोखीम नवी निर्माण होत नाही. आज ती पूर्णपणे खरेदीदाराच्या अंगावर आहे, त्यातला वाटा सही करणाऱ्याकडे सरकतो, आणि त्याला विम्याचे छत्र घेता येते. आपण पाहिले तेवढ्यापुरतेच उत्तर द्यायचे असेल तर प्रामाणिक माणसाला भिण्याचे कारण उरत नाही. दुसरा आक्षेप असा की पैसे देणारा विकासकच असेल तर सही निःपक्ष होणार कशी. पूर्ण होणार नाही, हे कबूल. लेखापरीक्षकांचे तेच दुखणे आहे, म्हणून 2018 मध्ये त्यांच्यावर राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरण बसवावे लागले. पैसे कोणाचेही असोत, उत्तर कोणाला द्यायचे हे कायदा ठरवू शकतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला लागलेल्या आगीत 2017 मध्ये 72 जण गेले, त्यानंतर ब्रिटनने हेच केले. तिथेही कायदा उपाधीच राखतो. आराखडे वास्तुविशारदांना आंदण देण्याऐवजी त्यांनी रचनेच्या जबाबदारीपुढे एक नाव लिहायला लावले.

म्हणून काम राखीव करण्याची मागणी आधी पुरी झाली आणि सहीचा प्रश्न मागाहून पाहू म्हटले, तर तो कधीच पाहिला जाणार नाही. संरक्षण पदरात पडलेला वर्ग उत्तरदायित्वासाठी आंदोलन करीत नाही. क्रम उलटा हवा. आपल्या सहीला क्रमांक, वाचक आणि उत्तर यांची सक्ती व्यवसायाने स्वतःहून मागून घ्यावी. त्यानंतर आराखड्यावर हक्क सांगायला तो आला, तर त्याचे म्हणणे ऐकण्याजोगे असेल. तोवर ती मागणी फीच्या वाटपाची आहे, आणि तिने नीतीचे नाव घेऊ नये.