हसत जडलेली माया

भिवंडीच्या यंत्रमागांच्या अखंड खडखडाटात वाढणाऱ्या बालकांस अरण्याची पहिली ओळख पुस्तकातूनच व्हावयाची असेल, तर ती भयाने नव्हे, हास्याने व्हावी. गडचिरोली जिल्ह्यातील हेमलकसा येथे १९७३ साली सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात, शिकारीत आई गमावलेले माकडाचे एक पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी मोबदला देऊन मागून घेतले, आणि पुढे त्यांच्या ज्या कुटुंबात बिबटे, अस्वलेही रीतसर दाखल झाली, तेथील खऱ्याखुऱ्या गमती विलास मनोहर यांनी ‘नेगल’ व आमटे यांनी ‘रानमित्र’ या पुस्तकांत सांगितल्या. ज्या प्राण्याच्या खोडीवर मूल मनमुराद हसते, त्याच्यावर दगड उगारण्यास त्या मुलाचा हात सहसा धजत नाही. म्हणून श्रोतेहो, आज रात्री घरातील सर्वांनी मिळून अशा गमतींचे एक पान मोठ्याने वाचावे.