विद्यार्थ्यांसाठी आम्ही काय मागतो?

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात प्रार्थनासप्ताह पाळण्याची चाल आमच्या मंडळ्यांत जुनी आहे. पंजाबातील लुधियाना येथील मिशनऱ्यांनी १८५८ साली सर्व देशांतील ख्रिस्ती लोकांस तशी विनंती केली, आणि १८६० च्या जानेवारीत असा पहिला सप्ताह पाळण्यात आला. म्हणजे ही चाल विलायतेहून आमच्याकडे आली नसून आमच्या देशातून बाहेर गेली आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. असो. या सप्ताहात पुष्कळ ठिकाणी एक संध्याकाळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवितात. त्या संध्याकाळी आम्ही देवापाशी नेमके काय मागतो, याचा थोडा विचार वाचकांनी आमच्याबरोबर करावा अशी इच्छा आहे.

बहुधा मागणे असे असते की, मुले पास होवोत, चांगले गुण मिळोत, पुढे नोकरी लागो व घरास आधार होवो. हे मागण्यात पाप आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्या आईबापांनी ऊसतोडीच्या उचलीतून वसतिगृहाची फी भरली, त्यांनी देवाजवळ मुलाच्या यशाची याचना करू नये तर कोणी करावी? रोजची भाकर मागावयास प्रभूनेच आम्हांस शिकविले आहे, आणि गरिबाच्या घरी मुलाचे शिक्षण ही उद्याची भाकरच होय.

परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानात येत नाही. प्रार्थना जशी देवाच्या कानी जाते, तशी ती मागल्या रांगेत बसलेल्या त्या मुलाच्याही कानी जाते. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा, तिच्यामागोमाग दहावीची. आणि जानेवारीत सारी मंडळी उभी राहून त्याच्या गुणांसाठी विनवणी करते. आपल्यावर घराचा, भावकीचा, पाळकसाहेबांचा, आणि आता देवाचाही डोळा आहे, असे त्याच्या मनाने घेतले तर नवल काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आपल्या हाताने आपले जीवित संपविले, आणि त्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्व प्रांतांत मोठा होता. या सर्वांचे कारण परीक्षाच होती असे नव्हे. प्रत्येक घरचे दुःख निराळे असते. तरी आम्ही जी प्रार्थना करितो तिने मुलाच्या डोक्यावरचे ओझे उतरते की वाढते, हा प्रश्न त्या आकड्यापुढे टाळता येत नाही.

आमच्या मते येथे दोन निराळ्या गोष्टी एकाच शब्दाखाली मिसळल्या गेल्या आहेत. विद्यार्थ्यांकडून आशा करणे ही एक, आणि विद्यार्थ्यांसाठी आशा धरणे ही दुसरी. पहिली आशा मुलावर टेकलेली असते. तो डगमगला की तीही कोसळते, आणि कोसळताना त्यालाच खाली घेते. दुसरी देवावर टेकलेली असते. पौलाने रोमकरांस लिहिताना जी आशा वर्णिली आहे ती अद्याप डोळ्यांस न दिसणाऱ्या गोष्टींची आहे. गुणपत्रिका तर जूनपूर्वीच हाती येते व दिसते! मुलगा नापास झाला तरी ज्या आशेला धक्का लागत नाही तीच ख्रिस्ती आशा, आणि तिच्या सावलीत बसून त्याला अभ्यासही अधिक स्वस्थपणे करता येईल. कोणी म्हणेल, अशाने मुले आळशी होतील. आम्हांस तसे वाटत नाही. भीतीने केलेला अभ्यास परीक्षेच्या दिवशीच संपतो.

देवावर टेकलेली आशा किती लांब पोहोचते याचे उदाहरण आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांच्या अगदी जवळचे आहे. १८०६ च्या ऑगस्टात अमेरिकेतील विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी रानात प्रार्थनेस जमले असता वादळ आले, आणि ते गवताच्या गंजीच्या आडोशास बसले. आशिया खंडात सुवार्ता पाठवावी असा विषय सॅम्युएल मिल्स याने तेथे काढला. पाचांपैकी एकास तो विचार अकाली वाटला, तरी इतरांनी प्रार्थना केलीच. त्या चळवळीतून १८१० साली अमेरिकन बोर्ड स्थापन झाले, आणि त्याच कॉलेजात शिकलेला गॉर्डन हॉल ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस येऊन पोहोचला. आपल्या तेरा वर्षांच्या श्रमांत त्याला पीक म्हणावे असे फारसे दिसले नाही. १८२६ च्या मार्चात नाशिककडील प्रवासात पटकीने त्याचा अंत झाला. खुद्द मिल्स तर हिंदुस्थानात कधी आलाच नाही. आफ्रिकेहून परत जाताना १८१८ साली तो समुद्रावर मरण पावला. नगर जिल्ह्यातील (आता त्यास अहिल्यानगर म्हणतात) कितीतरी खेड्यांच्या मंडळ्या मागाहून याच मिशनाच्या कामातून उभ्या राहिल्या. त्या गंजीआड बसलेल्यांनी यांतील एकही गाव पाहिले नाही.

म्हणून ज्या मंडळ्या आज तक्रार करितात की, आम्ही प्रार्थना करून मुले शिकविली आणि ती पुण्यामुंबईस राहिली, आमच्या देवळात परत आली नाहीत, त्यांचे दुःख आम्ही जाणतो. ते खोटे नाही. पडक्या देवळात चार म्हातारी माणसे गीत म्हणतात तेव्हा ते ऐकवत नाही. तरी उत्तर आमच्याच अंगणात आले पाहिजे अशी अट प्रार्थनेस घालता येते काय, हे त्यांनी पाहावे. मॅसॅच्युसेट्समधील त्या तरुणांनी तशी अट घातली असती, तर त्यांच्या प्रार्थनेत मराठी मुलखास जागाच राहिली नसती.

अट नसावी याचा अर्थ काळजी नसावी असा मात्र कोणी करू नये. हन्नेने मुलगा मागितला व देवास देऊन टाकला. पण दरवर्षी शिलोस जाताना ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. झगा शिवावयाचा तर मूल किती वाढले हे ठाऊक हवे. आमच्या मंडळीचा कोणता मुलगा कोणत्या शहरी आहे, कोणत्या खोलीत राहतो, रविवारी तो कोणत्या देवळात जातो, की कोठेच जात नाही, हे आमच्यापैकी किती पंचांस सांगता येईल? पूर्वी पत्रास आठ दिवस लागत, आता फोन खिशात आहे; तरी विचारणारा कोणी नसतो. शहरातील मंडळ्यांकडेही थोडा दोष जातो. खेड्यातून आलेला मुलगा तेथे तीन वर्षे मागच्या बाकावर बसतो, आणि त्याचे गाव कोणते हे कोणी पुसत नाही.

१८९५ साली स्थापन झालेल्या जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती संघाच्या प्रथेप्रमाणे फेब्रुवारीतील तिसरा रविवार विद्यार्थ्यांसाठी सार्वत्रिक प्रार्थनेचा असतो. त्याला अद्याप अवकाश आहे. तोवर प्रत्येक पाळकाने आपल्या मंडळीतील विद्यार्थ्यांच्या नावांची यादी करावी, आणि एकेक नाव एकेका घराने वर्षभरासाठी घ्यावे. निकालानंतर पास झालेल्यांचे उपकारस्तुतीचे पेढे आम्ही सर्वांनीच खाल्ले आहेत. जे राहिले त्यांची नावे त्या दिवशी उपासनेत कोणी घेतली नाहीत. गतवर्षी गणितात राहून आता बापाबरोबर शेतावर जाणारा मुलगा, आणि शाळा सुटल्यावर जिचे लग्न उरकून टाकण्याचे घाटते आहे ती मुलगी, यांचीही नावे त्या यादीत लिहिली जावीत.