एकाकी प्रवाशाचे ऋण

महाराष्ट्रात तळेगावे पुष्कळ आहेत. कोणामागे दाभाडे, कोणामागे ढमढेरे, कोणामागे दशासर असे उपपद लागलेले. वर्धा जिल्ह्यातील तळेगाव 'श्यामजी पंत' या नावाने ओळखले जाते. नागपूर-अमरावतीच्या हमरस्त्यावर हे गाव वसलेले असून आर्वीकडे व आष्टीकडे जाणाऱ्यांस येथे वाट बदलावी लागते. त्यामुळे एका गाडीतून उतरून दुसरीची वाट पाहणारा परका मनुष्य हे येथील नित्याचे दृश्य होय. अशा गावच्या लोकांस प्रवास दोन्ही अंगांनी ठाऊक असतो. ते स्वतः परगावी जातात, आणि परगावचा मनुष्य आपल्या दारी कसा दिसतो हेही रोज पाहतात. म्हणूनच, एकट्याने परक्या नगरात जाणारा मनुष्य त्या नगराचे काही देणे लागतो काय, हा प्रश्न येथे बसून विचारणे अगदीच अप्रस्तुत ठरू नये.

एकट्याच्या प्रवासाची थोरवी अलीकडे फार गायिली जाते. कोणाची वाट पाहणे नको, कोणाची मर्जी सांभाळणे नको, मनास येईल तेथे उतरावे व कंटाळा येताच निघावे. यासच लोक स्वातंत्र्य म्हणतात. परंतु जरा सूक्ष्म दृष्टीने पाहता उलटच दिसेल. चार माणसांचे कुटुंब प्रवासास निघते तेव्हा ते आपले घर बरोबर घेऊनच निघते. एकाने सामान राखावे, दुसऱ्याने तिकिटे काढावीत, आजारी पडल्यास तिसऱ्याने उशाशी बसावे. एकट्यास यातील प्रत्येक गोष्ट परक्याकडून घ्यावी लागते. 'जरा एवढे गाठोडे पाहता का?' असे ज्यास अनोळखी माणसास म्हणावे लागते, तो स्वतंत्र कसला? प्रवाशांमध्ये सर्वांत परावलंबी कोणी असेल तर तो एकाकी प्रवासीच होय.

आपल्या पूर्वजांस हे उमगले होते. वर्धा नदी ओलांडून अमरावती जिल्ह्यात गेले की महानुभावांचे ऋद्धपूर लागते. 'लीळाचरित्रा'च्या पहिल्या भागाचे नावच 'एकांक' आहे. श्रीचक्रधरांच्या एकट्या भ्रमंतीच्या कथा त्यात आल्या आहेत. या पंथाने साधकास अटन आणि विजन सांगितले, पण त्यांच्या जोडीस भिक्षाही सांगितली. ज्याने सर्व संबंध सोडावयाचे, त्यानेच रोज परक्याच्या दारात हात पसरावयाचा! एकांताचा अहंकार वाढू नये यासाठी याहून चांगला उपाय कोणता?

आता हा प्रश्न एखाद्या प्रत्यक्ष नगरावर घासून पाहू. महानगरात एकट्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. खेड्यात 'कोणाकडचे पाहुणे?' ही पृच्छा वेशीवरच होते. छोट्या राजधानीची तऱ्हा निराळी. तिला अभिमान राजधानीचा असतो आणि डोळे खेड्याचे असतात. मराठ्यांनी उत्तरेस माळव्यात वसविलेल्या राजधान्यांपैकी देवास हे असे नगर होय. पहिल्या बाजीरावाच्या काळी तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी येथे आपला अंमल बसविला, आणि पुढे एकाच गावात थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये नांदली. दोन राजे, दोन वाडे, दोन कारभार. गावावरच्या टेकडीवर देवीही दोन, तुळजाभवानी आणि चामुंडा. 1948 साली ही राज्ये मध्यभारतात विलीन झाली व राजधानीपण संपले. आज तेथे कारखाने आहेत, सरकारी नोटांचा छापखाना आहे.

एखादा प्रवासी सकाळी येतो, टेकडी चढतो, वाडे पाहतो, पोहे-जिलबी खातो आणि संध्याकाळी निकाल देतो, 'एक दिवस पुरे, पाहण्यासारखे फारसे नाही.' त्याने खोलीचे व खाण्याचे पैसे चुकते केलेले असतात. मग त्याच्यावर बोजा कसला, असे कोणी विचारील. मोल खोलीचे झाले. ज्याने हातातले काम टाकून वाट दाखविली, त्याचे मोल कोठे झाले? आणि प्रवासी स्त्री असेल, तर प्रत्येक पावलास आधी माणूस पारखण्याचे कष्ट तिला पडतात. तेथे परीक्षा तिची नसून नगराची असते, आणि नगर नापास झाल्यास तसे सांगण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे. परंतु ज्यास विश्वास मिळाला, त्याने त्याची परतफेड घाईच्या निकालाने करावी, हे मात्र न्याय्य नव्हे.

याच देवासला 1921 साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक थोरल्या पातीच्या महाराजांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिला. तेथील गोकुळाष्टमीच्या उत्सवाची छाया त्याच्या 1924 सालच्या कादंबरीवर पडली. परंतु खुद्द देवासवरचे त्याचे पुस्तक 1953 साली निघाले. बत्तीस वर्षे त्याने थांबून घेतले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. 1948 साली कुमार गंधर्व क्षयाने ग्रस्त होऊन कोरड्या हवेसाठी देवासला आले. गाणे बंद, अंथरुणावर पडून राहणे एवढेच हाती. पत्नी भानुमतीबाई शुश्रूषा करीत होत्या. त्या सक्तीच्या विश्रांतीत माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली. वाडे पाहणाऱ्यांस जे देवास दिसले नाही, ते खाटेवर पडलेल्या या रुग्णास ऐकू आले. बरे झाल्यावर त्या धुनांस त्यांनी मैफलीत मानाचे स्थान दिले, आणि 1992 साली देह ठेवीपर्यंत ते देवासचेच राहिले.

प्रत्येकाने पाच वर्षे आजारी पडावे असे कोण म्हणेल? दोन दिवसांच्या प्रवाशास एवढे मात्र साधेल की, पाहण्यापेक्षा ऐकावे जास्त, आणि आपले मत परतीच्या गाडीतच पक्के करू नये. राहिले ते ऋण. ज्याने वाट दाखविली त्याचे नावही आपणांस ठाऊक नसते; ते फेडावे कोणास? आपल्या शास्त्रांनी ऋषिऋणाची तोड सांगितली आहे. ऋषींस काही परत द्यावयाचे नसते. त्यांच्यापासून मिळालेली विद्या पुढच्यास द्यावयाची असते. एकाकी प्रवाशाचे ऋणही याच जातीचे. देवासात घेतलेला विश्वास देवासात फिटत नाही. तो आपल्या गावच्या थांब्यावर, गाठोडे घेऊन उभ्या असलेल्या कोणा अपरिचितास द्यावा लागतो. आणि त्याने आपल्या गावाबद्दल पुढे काय म्हणावे, ही चिंता न करता द्यावा लागतो.