हे नेमकं कोण बोललं?

सकाळी साडेआठला सांगलीहून कुपवाडच्या एमआयडीसीकडे निघालेले दुचाकीवाले कधी नीट बघा. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर थांबलेले बघितले तरी चालतील. बऱ्याच जणांचे ओठ हलत असतात. फोन चालू नसतो. काल साहेब जे बोलले, त्याचं उत्तर आज चाललेलं असतं. गंमत अशी, की तिथे साहेबही बोलतात. आपण एक म्हटलं की ते दोन ऐकवतात. आपण चिडतो, ते आणखी चढतात. कामावर पोचेपर्यंत कडाक्याचं भांडण होऊन गेलेलं असतं, आणि खरे साहेब त्या वेळी घरी निवांत चहा पीत असतात. त्या भांडणातले त्यांचे सगळे संवाद आपलेच असतात, राग मात्र त्यांचा येतो. अशी माणसं प्रत्येकाच्या डोक्यात मुक्कामाला असतात. सासूबाई, गणिताचे मास्तर, लग्न होऊन लांब गेलेली मैत्रीण, देवाघरी गेलेले वडील. त्यातली बरीचशी भली असतात. अडल्यावेळी धीर देतात, रस्ता ओलांडताना हात धरतात. त्यांना हाकलून द्यायचं काही कारण नाही. त्यांचं बोलणं कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं, एवढं कळलं तरी सकाळ हलकी होते.

जेवताना सासूबाई म्हणाल्या, “आमटीत मीठ जरा कमी पडलंय.” एवढंच. भांडी घासेपर्यंत सुनेच्या डोक्यात त्याच सासूबाई बोलू लागतात, “आठ वर्षं झाली लग्नाला, अजून हिच्या हाताला चव नाही.” हे दुसरं वाक्य कोणाचं? सासूबाईंचं नाही. ते सुनेचंच आहे, फक्त आवाज सासूबाईंचा लागलाय. हे निवडून वेगळं करायची सवय लावता येते. दुधाच्या हिशेबाच्या वहीचं मागचं पान घ्या, मधोमध रेघ ओढा. डावीकडे कानांनी ऐकलेलं लिहा, शब्दाला शब्द. उजवीकडे डोक्यात ऐकलेलं लिहा. डावीकडे बहुतेक वेळा एक ओळ होते आणि उजवीकडे पान पुरत नाही. मग उजवीकडच्या एकेका वाक्यापाशी थांबा. हा शब्द त्या माणसाच्या तोंडी कधी ऐकलाय का? त्यांना एवढं लांबलचक बोलायची सवय तरी आहे का? आणखी एक खूण आहे. खरा माणूस आपल्याला चकित करतो. आपण रागाची तयारी करून जावं, तर तो म्हणतो, “अगं, मला तर ते आठवतही नाही.” डोक्यातला माणूस असं कधी करत नाही. आपण ज्याला घाबरतो, नेमकं तेच तो बोलतो. कारण त्याला सगळी माहिती आपल्याकडूनच मिळालेली असते.

सांगलीकरांना यात फार नवल वाटू नये. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने ‘सीता स्वयंवर’ रंगवलं, तेव्हा पात्रांना आजच्यासारखे लिहून दिलेले संवाद नव्हते. पदं सूत्रधार म्हणायचा. रामाचं म्हणणं असो की रावणाचं, आधी ते त्याच्या गळ्यातून यायचं, आणि मग पात्रं तो धागा धरून आयत्या वेळी सुचेल तसं गद्यात बोलायची. राक्षसांच्या आरडाओरड्यामुळे या नाटकांना लोक ‘अललडुर्र’ म्हणू लागले, इतका तो दणका असायचा! तरी सगळ्या खेळाची सूत्रं सूत्रधाराकडेच. डोक्यातल्या खेळात आपण हेच विसरतो. पदं आपणच म्हणतो आणि राक्षस ओरडला की आपणच दचकतो. साताऱ्याकडची शिकवण याहून जुनी आहे. सज्जनगडावर ज्यांची समाधी आहे, त्या समर्थ रामदासांनी २०५ मनाचे श्लोक लिहिले. आपल्यापैकी अनेकांनी ते लहानपणी परवच्याला घडाघडा म्हटलेत, अर्थाकडे लक्ष न देता. त्यात मनाला हाक मारून बोललं आहे, कधी गोंजारून, कधी दटावून. हाक मारली की मन जरा पलीकडे जाऊन बसतं आणि त्याच्याकडे बघता येतं. मिशिगन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असंच काहीसं दिसलं. ताणाच्या प्रसंगी मनातल्या मनात ‘मी, मी’ करण्याऐवजी स्वतःला नावाने हाक मारून बोलणारी माणसं कमी डगमगली. तेव्हा ‘मला हे जमणारच नाही’ असं आत उमटलं, की स्वतःचं नाव घेऊन विचारावं, “सुनीता, नेमकं काय जमणार नाही ते सांग बघू.” अशा प्रश्नाला बहुधा फार छोटं उत्तर येतं. एखादा फोन करायचा राहिलेला असतो, नाहीतर एखादा फॉर्म भरायचा असतो.

काही जण तर डोक्यातला असा सोबती मुद्दाम घडवतात. त्याला चेहरा देतात, नाव देतात, रोज त्याच्याशी बोलत राहतात. पुढे तो आपणहून उत्तर देतोय असं त्यांना जाणवू लागतं. अशा सोबत्याला तुल्पा म्हणतात. फ्रेंच प्रवासी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांनी तिबेटवरच्या १९२९ च्या पुस्तकात अशीच एक हकिगत लिहिली आहे. त्यांनी कल्पनेने एक बुटका, गुबगुबीत, हसतमुख भिक्षू घडवला. पुढे तो हडकुळा झाला, त्याची नजर खोचक झाली, आणि त्याला घालवायला त्यांना सहा महिने लागले. कोणी यावर विश्वास ठेवील, कोणी ठेवणार नाही. मला त्यातले ते सहा महिने अगदी खरे वाटतात, कारण डोक्यातले साहेबसुद्धा निवृत्त झाल्यावर लगेच जात नाहीत. मात्र आवाज खरोखर कानावर पडू लागला, झोप उडवू लागला किंवा कोणाला इजा करायला सांगू लागला, तर वही मिटावी आणि सरळ डॉक्टरांकडे जावं. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र कधीही बोलता येतं, मराठीतूनही. बाकी ज्यांचा सोबती गुणाचा आहे, त्यांनी त्याला खुशाल राहू द्यावं. फक्त आज कपातला चहा संपेपर्यंत त्याला काही विचारू नका आणि त्याच्या वतीने उत्तरही देऊ नका. गप्प राहिला तर राहू द्या. आपणहून काही बोलला, तर ते एका ओळीत लिहून घ्या आणि खालच्या ओळीत तुमचं स्वतःचं मत लिहा. दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या तरी बिघडत नाही, उद्याच्या चहाला पुन्हा करून बघता येईल.