त्या पिल्लाने कोणते पाप केले होते?

धम्मदीक्षा घेतल्यावर घरातील देव्हारा उतरविणे सोपे जाते, बोलण्यातील देव्हारा उतरविणे अवघड जाते. भिंतीवर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर येते, दारावर पंचशील ध्वज लागतो; पण घरातले एखादे मूल दगावले की तोंडून निघते, ‘त्याचे दाणापाणी तेवढेच होते.’ कोणी म्हणते, ‘मागच्या जन्मीचे भोग.’ कोणी म्हणते, ‘सटवीने कपाळावर लिहिले ते कोणाला चुकले?’ ही वाक्ये आपण विचार करून बोलत नाही. ती वाडवडिलांपासून आपल्या जिभेवर बसलेली आहेत. त्यांचाच विचार मला येथे करावयाचा आहे, आणि त्यासाठी वाचकांना थोडे लांब, अमेरिकेतील एका गरुडाच्या घरट्यापर्यंत घेऊन जावयाचे आहे.

(गरुड म्हटल्याबरोबर जुन्या मंडळींना विष्णूचे वाहन आठवेल आणि हात आपोआप जोडले जातील. ते वाहन येथे नाही. येथे आहे तो मासे खाणारा, पांढऱ्या डोक्याचा एक पक्षी.)

कॅलिफोर्निया राज्यात बिग बेअर नावाचे डोंगरातील एक सरोवर आहे. त्याच्या जवळ एका पाइन वृक्षावर, जमिनीपासून सुमारे १४५ फूट उंचीवर, गरुडाच्या एका जोडीचे काटक्यांचे घरटे आहे. तेथील निसर्गप्रेमी संस्थेने घरट्यापाशी कॅमेरा बसविला आहे आणि घरट्यात जे घडते ते जगात कोठेही, त्याच क्षणी, मोबाईलवर दिसते. मादीचे नाव जॅकी, नराचे शॅडो. २०२४ साली त्यांनी तीन अंडी घातली, बर्फ पडत असताना ती उबविली, पण एकही फुटले नाही. २०२५ च्या मार्चमध्ये मात्र तिन्ही अंड्यांतून पिल्ले बाहेर आली. आमच्या शाळेतील मुलांनी हे घरटे दुपारच्या सुट्टीत माझ्या मोबाईलवर पाहिले. आपली दुपार म्हणजे तिथली मध्यरात्र. त्यामुळे चित्र करड्या रंगाचे दिसे आणि आईच्या पोटाखालून मधूनच एखादी मान बाहेर येई. तेवढ्यानेही मुले खूश होत.

मार्चच्या मध्यावर तेथे बर्फाचे वादळ झाले. गरुडांनी पिल्लांना पोटाखाली घेतले होते. वादळ ओसरले तेव्हा घरट्यात दोनच पिल्ले हलताना दिसली. तिसरे जेमतेम काही दिवसांचे असेल. जगभर हजारो माणसे हळहळली. आमच्या वर्गातील एक मुलगी गप्प बसून होती. शेवटी तिने विचारले, ‘सर, त्या पिल्लाने कोणते पाप केले होते?’

तिच्या मागच्या बाकावरील मुलाने मला बोलू दिले नाही. तो म्हणाला, ‘पाप कसले? कमजोर होते, मेले. निसर्गाचा नियमच आहे तो.’

मला दोन्ही बोलणी लागली. प्रश्नात एक जुने उत्तर दडलेले होते आणि उत्तरात एक नवे अज्ञान होते. शिवाय त्या मुलीचा प्रश्न पक्ष्यापुरता नव्हता हे मला ठाऊक होते. त्याविषयी पुढे सांगतो.

आधी पापाचे पाहू. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या जिवाने पाप केव्हा केले? याला उत्तर एकच उरते, मागच्या जन्मी. मागचा जन्म कोणी पाहिला? साक्षीदार नाही, पुरावा नाही. शिक्षा मात्र डोळ्यांसमोर आहे. ज्या न्यायालयात आरोपीला आपला गुन्हा कळत नाही, त्याला आपण न्यायालय म्हणणार आहोत काय? मिलिंद राजाने भदन्त नागसेनांना विचारले होते की माणसे सारखी का नसतात, कोणी अल्पायुषी तर कोणी दीर्घायुषी का? नागसेनांनी झाडांचा आणि बीजांचा दाखला दिला आणि कर्म हे कारण सांगितले. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली उभारलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव आहे आणि परिसराला नागसेनवन म्हणतात, त्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे आपल्या औरंगाबादेत, हे लिहिताना मला संकोच वाटत नाही की नागसेनांचे हे उत्तर आपण जसेच्या तसे घेऊ शकत नाही. स्वतः बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेतच कर्म आणि पुनर्जन्माचा प्रश्न एक मोठी अडचण म्हणून मांडला आणि गतजन्मीच्या कर्मावर या जन्मीचे दुःख टाकणारा विचार नाकारला. त्यांनी तो का नाकारला हे आपल्याइतके कोणाला कळणार? ‘तुम्ही अस्पृश्य जन्मलात ते मागच्या जन्मीच्या पापाने’ असे सांगूनच आपल्या आजा-पणजाला वेशीबाहेर ठेवले गेले. पक्ष्याच्या पिल्लाविषयी हे उत्तर एकदा मान्य केले की ते पिल्लापाशी थांबत नाही. ते चालत चालत आपल्या वस्तीत येते.

आता दुसरे उत्तर. ते अधिक फसवे आहे, कारण ते शिकलेल्या माणसाच्या तोंडी शोभते. घरट्यापुरते ते बरेचसे खरेही आहे. मादी सगळी अंडी एकाच दिवशी घालत नाही, आणि उबविणे पहिल्या अंड्यापासूनच सुरू होते; साधारण ३५ दिवसांनी पिल्ले निघतात तीही मागे-पुढे. थोरले दोन-चार दिवसांनी मोठे असते. ते धाकट्याला चोचीने टोचते, मासा आधी खाते. अन्न कमी पडले तर धाकटे मरते, आणि आई-बाप मध्ये पडत नाहीत. पाहणाऱ्याला हे क्रूर वाटते. पण क्रौर्याला हेतू लागतो, आणि थोरल्या पिल्लाजवळ हेतू नाही. तथागतांनी चेतनेलाच कर्म म्हटले. जेथे चेतना नाही तेथे पापही नाही आणि पुण्यही नाही.

बाबासाहेबांनी या बाबतीत फार उपयोगी असा भेद करून दिला आहे. ऋतू येतात-जातात, पाऊस पडतो, बर्फ पडते, हा ऋतुनियम. आंब्याच्या कोयीतून आंबाच येतो, हा बीजनियम. आणि माणसामाणसांतील व्यवहारात नीतीची जी व्यवस्था आहे ती कर्मनियम. ती कोणी देव चालवीत नाही, माणसाच्या कृतीनेच ती टिकते किंवा मोडते. बर्फाचे वादळ ऋतुनियमातले, थोरल्याची चोच बीजनियमातली. मागच्या बाकावरील मुलाची चूक एवढीच की तो या दोन नियमांना तिसऱ्याच्या जागी बसवू पाहत होता. जो म्हणतो की घरट्यात बळी तो कान पिळी, तो उद्या म्हणेल की गावातही तसेच असावयाचे. वर्णव्यवस्थेने दुसरे काय केले? कोणी मुखातून, कोणी बाहूंतून, कोणी मांड्यांतून आणि कोणी पायांतून जन्मले, अशी कथा रचली. माणसांनी केलेली विषमता शरीराची म्हणून, बीजाची म्हणून दाखविली. कर्मनियमातील गुन्हा बीजनियमाच्या पोत्यात भरून हजारो वर्षे विकला.

तथापि घरट्यात जे घडते ते सगळेच निसर्गाचे, असेही म्हणता येत नाही. याच गरुडाचा इतिहास पाहा. अमेरिकेने १७८२ साली त्याला आपल्या राजमुद्रेवर बसविले, आणि १९६३ साली अलास्का व हवाई सोडून उरलेल्या देशात त्याच्या अवघ्या ४१७ जोड्या शिल्लक राहिल्या. माणसांनी त्याची शिकार केली होती, शिवाय पिकांवर आणि डासांवर डीडीटी फवारले होते. ते पाण्यात गेले, पाण्यातून माशांत, माशांतून गरुडात. अंड्याचे कवच इतके पातळ होऊ लागले की उबविणाऱ्या आईच्या वजनानेच अंडे फुटे. त्या काळी घरट्यावर कॅमेरा असता तर पाहणाऱ्याला काय दिसले असते? फुटलेले अंडे. कोणी नशीब म्हटले असते, कोणी निसर्ग. राशेल कार्सन या विदुषीने १९६२ साली आपल्या ग्रंथातून या विषांकडे बोट दाखविले. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली आणि २००७ साली हा गरुड धोक्यातील प्राण्यांच्या यादीतून बाहेर आला. २०२१ च्या सरकारी अहवालात त्याच्या सुमारे ७१ हजार जोड्या मोजल्या गेल्या आहेत. माणसाने मोडले, माणसाने सावरले. पुरता कर्मनियम.

आपल्याकडे हीच गोष्ट गिधाडांची. आपल्या वडीलधाऱ्यांना गिधाडाची ओळख करून द्यावी लागत नाही. गावातील मेलेले ढोर ओढून हाडवळ्यावर नेणे हे आपल्या माथी मारलेले काम होते, आणि तेथे आपला शेजारी म्हणजे गिधाड. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडा, ते जिणे सोडा असे सांगितले. आपण ते सोडले आणि उत्तम केले. १९९० नंतर गिधाडेही दिसेनाशी झाली. कलियुग आले म्हणून गेली, असे म्हणून मोकळे होता आले असते. पण शोध घेणाऱ्यांनी मेलेली गिधाडे तपासली आणि २००४ साली कारण प्रसिद्ध झाले: गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. औषध दिलेले ढोर मेले आणि ते गिधाडाने खाल्ले की त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने हे औषध गुरांसाठी वापरण्यावर बंदी घातली. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून काही गिधाडे आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलात आणली गेली. ‘कलियुग’ म्हणणाऱ्यांच्या हातून हे कधीही झाले नसते.

मग घरट्यातील पिल्लू डोळ्यांदेखत मरत असेल तर मध्ये पडावे काय? २०१४ साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात हा प्रश्न उभा राहिला. कॅमेऱ्यातील एक पिल्लू जखमी दिसत होते. सरकारी खाते म्हणे, निसर्गात ढवळाढवळ नको. लोकांनी आग्रह धरला, तेव्हा माणूस झाडावर चढला. पिल्लाचा पंख मोडला होता. ते वाचण्यासारखे नव्हते आणि शेवटी त्याला शांत मरण द्यावे लागले. मला त्या आग्रह धरणाऱ्या लोकांची चूक वाटत नाही. बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांत फरक केला आहे: करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व जीवांपर्यंत. ज्याला पाहिले त्याच्याशी नाते जडते. मात्र प्रत्येक ससाण्याच्या चोचीतून कबूतर सोडवीत बसणे हीही मैत्री नव्हे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात शिबी राजाची कथा रंगविलेली आहे. शरण आलेल्या कबुतरासाठी तो स्वतःचे मांस तराजूत टाकतो, कारण ससाण्यालाही भूक आहे हे तो जाणतो. चित्र थोर आहे. कथेतील टोकाचा त्याग मला पटत नाही. मला सिद्धार्थाची गोष्ट अधिक जवळची वाटते. पक्ष्याच्या अंगात देवदत्ताचा बाण होता, आणि सिद्धार्थाने तो उपटला. बाण माणसाचा होता.

ज्यांना घरट्यासाठी रडू येते त्यांची मी टिंगल करणार नाही. पण महाडच्या चवदार तळ्यावर गुराढोरांना पाणी प्यावयास बंदी नव्हती आणि माणसांना होती, हे विसरून प्राणिदया शिकविणाऱ्यांपासून मुलांना जपले पाहिजे. आजही गटारात उतरलेला सफाई कामगार गुदमरून मरतो. असे काम माणसाकडून करवून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी बातमीत छापून येते, ‘दुर्दैवी मृत्यू’. यात दैव कोठून आले? त्याला आत उतरविणाऱ्याला नाव आहे, पत्ता आहे.

आता त्या मुलीचे. आदल्या पावसाळ्यात तिचा तान्हा भाऊ गेला. मध्यरात्री त्याला ताप चढला. वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंतची वाट चिखलात बुडालेली, गाडी आत येईना. बाप त्याला उराशी धरून चालत निघाला. घरी सगळे म्हणाले, दाणापाणी संपले. मी तिला वर्गात सांगितले की पिल्लाने काहीही पाप केले नव्हते; थंडी फार होती आणि ते फार लहान होते. मग तिने भावाचे विचारले नाही, पण मीच सांगितले. पाऊस ऋतुनियमाचा. ताप शरीराचा. वाट मात्र कोणाची? ही वाट पक्की करावी म्हणून वस्तीने पूर्वी अर्ज दिले होते, ते मी पाहिले आहेत. त्यांत लिहिले होते, ‘पावसाळ्यात ये-जा करण्यास गैरसोय होते.’

ती राहिलेली दोन पिल्ले जूनमध्ये घरट्यातून उडाली. त्यांची नावे, सनी आणि गिझ्मो, तिथल्या प्राथमिक शाळेतील मुलांनी मते देऊन ठरविली होती, हे आमच्या मुलांना फार आवडले. वस्तीचा नवा अर्ज त्याच महिन्यात गेला. तो त्या मुलीच्या वडिलांनी सांगितला आणि तिने लिहून काढला. त्यात गैरसोय हा शब्द नाही. बाळाचे नाव आहे, वय आहे, तारीख आहे, आणि गाडी कोठे थांबली ते लिहिले आहे.